मोबाईल संदेशांची भाषा आणि मराठी शुद्धलेखन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप
(जिते-पेण परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

दिवा-रोहा लोहमार्गावर आपटा आणि हमरापूर या स्थानकांच्या मध्ये जिते हे लहानसे स्थानक आहे. रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यातील या गावातून व आसपासच्या वाड्यांतून महाविद्यालयात जाणारी मुले-मुली एक तर पनवेलच्या दिशेने जातात, नाही तर पेणच्या. रेल्वेच्या फलकावर गावाचे नाव देवनागरी व रोमन अशा दोन्ही लिपींत असते. देवनागरीत ते दोन अक्षरांत पुरे होते आणि वाचणाऱ्यास शंका राहत नाही. रोमन लिपीतील चार अक्षरे मात्र 'जिते', 'जीते', 'जिटे', 'जीटे' अशी कशीही वाचता येतात. ज्याला गाव आधीच ठाऊक आहे, त्यालाच ती बरोबर वाचता येतात.

मोबाईलवरील संदेशांमुळे तरुणांची भाषा व शुद्धलेखन बिघडले, ही तक्रार गेली पंचवीस वर्षे महाविद्यालयांच्या शिक्षककक्षांत ऐकू येते. प्रस्तुत लेखक इतिहासाचा अध्यापक आहे, भाषाशास्त्राचा नाही. तथापि उत्तरपत्रिका तपासणे आणि जुने कागद वाचणे ही दोन्ही कामे त्याला करावी लागतात, आणि ही दोन कामे शेजारी शेजारी ठेवली असता वरील तक्रारीविषयी काही वेगळे प्रश्न उभे राहतात. संक्षेप हा मराठी लेखनात नवा आहे काय? ज्या शुद्धलेखनाच्या नावाने आपण गुण कापतो, ते किती जुने आहे? आणि मोबाईलने खरोखर काही बिघडवले असेल, तर ते नेमके काय? या प्रश्नांचा इतिहासाच्या अंगाने विचार करण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

प्रश्न केवळ विद्वत्तेचा नाही. पेण-रोहा परिसरातील आपले बहुसंख्य विद्यार्थी आगरी, कोळी, कुणबी, कातकरी अशा घरांतून येतात. त्यांपैकी अनेकांच्या घरात पदवीचा वर्ग गाठणारी ही पहिलीच पिढी आहे. त्यांच्या लेखनातील दोषाचे निदान चुकले, तर उपाय चुकतो आणि त्याची किंमत त्यांना मोजावी लागते.

लाल शाईची वर्तुळे

काही वर्षांपूर्वी एका सत्राच्या उत्तरपत्रिका तपासत असताना एका सहकारी मित्राने एक पान पुढे केले. 'शाला', 'पानी', 'कालखंड' हे शब्द त्यांनी लाल शाईने वर्तुळात घेतले होते. 'कालखंड' हा शब्द बरोबर असूनही त्या ओघात वर्तुळात सापडला होता. शेजारी 'स्थिती' हा शब्द एकदा ह्रस्व आणि एकदा दीर्घ वेलांटीने लिहिलेला होता आणि 'म्हणजे'च्या जागी 'मंजे' असे होते. "ही सगळी मोबाईलची कृपा," असे ते म्हणाले आणि त्या वेळी आम्ही सर्वांनी मान डोलावली.

नंतर ते पान पुन्हा आठवले तेव्हा लक्षात आले, की त्यातील बहुतेक दोष मोबाईलच्या माथी मारता येत नाहीत. आगरी बोलीत 'ण'चा उच्चार 'न'कडे आणि 'ळ'चा 'ल'कडे जातो. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडातील, बोलींची नोंद त्यात आहे. तेव्हा मोबाईल नव्हता आणि शाळाही फारशा नव्हत्या. आगरी घरातील मुलगा 'शाला' लिहितो, तो आजीच्या तोंडून ऐकलेला शब्द लिहितो. 'मंजे' हा तर पुण्या-मुंबईतील सुशिक्षितांच्या बोलण्यातलाही उच्चार आहे. आपण तो उच्चारतो, पण लिहीत नाही, एवढाच फरक. राहिला ह्रस्व-दीर्घाचा गोंधळ. त्याचा इतिहास बराच मागे जातो.

मोडीतील संक्षेप

मराठीत दैनंदिन व्यवहाराचे लेखन शतकानुशतके मोडी लिपीत झाले. या लिपीचे श्रेय परंपरेने यादवकालीन हेमाडपंताला दिले जाते. त्या परंपरेच्या खरेखोटेपणात येथे शिरण्याचे कारण नाही. महत्त्वाची गोष्ट अशी, की मोडी ही घाईची लिपी होती. आधी कागदावर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरामागून अक्षर जोडत जायचे. शब्द सुटे करण्याची रीत नव्हती, विरामचिन्हे नव्हती. आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय बाब म्हणजे मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसे. वेलांटी सामान्यतः दीर्घ आणि उकार सामान्यतः ह्रस्व, एवढ्यावर काम भागे. 'जिते' हे गावाचे नाव मोडीच्या रीतीने लिहायचे तर ते 'जीते' असेच व्हायचे.

संक्षेपांची तर रेलचेल होती. मौजे, परगणे, बितपशील असे वारंवार येणारे शब्द पहिले अक्षर लिहून आणि पुढे दोन उभ्या रेघा ओढून संपवले जात. पत्राचा मायना म्हणजे संक्षेपांची माळच: 'रा. रा.' म्हणजे राजमान्य राजश्री, 'ती.' म्हणजे तीर्थरूप, 'सा. न. वि. वि.' म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. यांतील पुष्कळसे देवनागरी पत्रव्यवहारातही उतरले. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत गावाकडून येणाऱ्या आंतर्देशीय पत्रात 'सा. न. वि. वि.' असे आणि पत्त्यावर 'मु. पो.' व 'ता. पेण' असेच असे. तरुण मुलगी आज शुभसकाळ म्हणण्यासाठी दोन इंग्रजी अक्षरे पाठवते आणि आपल्याला ते असभ्य वाटते. तिच्या पणजोबांनी साष्टांग नमस्कार दोन अक्षरांत घातला होता आणि तो कोणालाही उणा वाटला नाही.

अर्थात या साम्याला मर्यादा आहे आणि ती स्पष्ट केली पाहिजे. मोडीतील संक्षेप ठरलेले होते. ते कारकुनाला शिकवले जात आणि वर्षानुवर्षे बदलत नसत. त्यांतून नेमका कोणता शब्द घ्यायचा याविषयी लिहिणारा व वाचणारा यांच्यात करार होता. शिवाय मोडी लिहिणारा कारकून पोथी लिहायला बसला, की बाळबोध वळणाकडे वळे. एकाच हाताला दोन रीती ठाऊक होत्या आणि कोणती कोठे वापरायची हेही ठाऊक होते. ही दुसरी गोष्ट पुढे पुन्हा लागणार आहे.

लिपीची निवड नेहमी भाषेच्या गुणावगुणांवर होत नाही, ती बहुधा साधनावर होते. विल्यम केरी यांनी श्रीरामपूरहून १८१० साली मराठी कोश छापला तो मोडी टंकांत. पण छापखान्याला सुटी, उभी, बाळबोध अक्षरे सोयीची पडली, शालेय पुस्तके त्याच अक्षरांत निघाली आणि मोडी क्रमाने हस्तलेखनापुरती उरली. विसाव्या शतकाच्या मध्याला ती शाळांतूनही गेली.

शुद्ध म्हणजे कोणाच्या उच्चाराप्रमाणे?

मोडी मागे पडल्यानंतर प्रथमच सर्वसामान्य लिहिणाऱ्यापुढे ह्रस्व-दीर्घाचा प्रश्न उभा राहिला. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ सालचे. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा आणि त्याची सुधारित आवृत्ती १८५७ ची. मेजर कँडी यांनी विरामचिन्हांचा परिपाठ शालेय मराठीत आणला. म्हणजे आपण ज्याला मराठीचे शुद्ध लेखन म्हणतो, त्याची बैठक एकोणिसाव्या शतकात व्याकरणकार, कोशकार आणि शिक्षणखाते यांनी मिळून घातली. (शाळेत 'शुद्धलेखन' हा शब्द बरेचदा अक्षर सुवाच्य काढण्याच्या सरावालाही वापरला जातो. 'दहा ओळी शुद्धलेखन काढून आण' असे सांगितलेले विद्यार्थी आजही भेटतात. त्या दहा ओळींचा व्याकरणाशी काही संबंध नसतो.)

विसाव्या शतकाच्या आरंभी साने, गोडबोले व हातवळणे यांनी लेखन उच्चाराच्या जवळ आणावे आणि जे अनुस्वार उच्चारले जात नाहीत ते काढून टाकावेत असा आग्रह धरला. 'नांव', 'कांहीं', 'घरें' यांवरील टिंबे अनावश्यक आहेत असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर मोठे वादळ उठले. व्युत्पत्ती नष्ट होईल, व्याकरण कळेनासे होईल, पुढच्या पिढीला जुने ग्रंथ वाचता येणार नाहीत, अशा धर्तीची भीती तेव्हाही व्यक्त होत होती. आज संदेशभाषेविषयी आपण जे बोलतो, त्याची जातकुळी तीच आहे.

'उच्चाराप्रमाणे लिहावे' हे तत्त्व वरवर पाहता सर्वांना न्याय देणारे दिसते. परंतु उच्चार कोणाचा? पुण्यात न ऐकू येणारे अनुनासिक दक्षिण कोकणातील बोलींत आजही ऐकू येते. अनुस्वार गेला तो पुण्याच्या कानाने. पेणच्या आगऱ्याने आपल्या उच्चाराप्रमाणे 'शाला' लिहिले, तर ते त्याच तत्त्वाचे पालन ठरेल, पण त्याला आपण अशुद्ध म्हणतो. प्रमाणभाषा असू नये असे येथे सुचवायचे नाही. एवढ्या मोठ्या प्रदेशाला एक लेखनरीत हवीच. मात्र ती कोणाच्या तरी बोलीला जवळची आणि कोणाला तरी दूरची असते. दूरच्यांना तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी अधिक चालावे लागते, हे शिकवणाऱ्याने विसरता कामा नये.

अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळ १९६१ साली स्थापन झाले. महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२ साली शासनमान्य झाले आणि १९७२ साली त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढले आणि 'कवि', 'गुरु' असे तत्सम शब्द मराठीत दीर्घान्त, म्हणजे 'कवी', 'गुरू' असे लिहावेत असे ठरवले. परिणामी १९६१ साली ज्याने 'कवि' लिहून पूर्ण गुण मिळवले, त्याच्या धाकट्या भावाला काही वर्षांनी तोच शब्द तसाच लिहिल्याबद्दल लाल वर्तुळ मिळाले. नियम बदलले म्हणून नियमांचे मोल कमी होते असे नाही. पण त्यांचे वय कळले म्हणजे त्यांच्याविषयी बोलताना आवाज थोडा खाली येतो. पुढे ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने वर्णमाला व अक्षरांची वळणेही प्रमाणित केली. अर्थात हा निर्णय निघाला तेव्हा महाविद्यालयीन विद्यार्थी मराठी लिहीत होते ते निराळ्याच लिपीत.

एकशे साठ आणि सत्तर

लघुसंदेशाची लांबी एकशे साठ अक्षरे असावी, हे युरोपातील तंत्रज्ञांनी १९८० च्या दशकाच्या मध्यात ठरवले. फ्रीडहेल्म हिलेब्रांट हे त्यांतील प्रमुख नाव. पहिला संदेश ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये नील पापवर्थ यांनी पाठवला आणि तो नाताळच्या शुभेच्छेचा होता. भारतात मोबाईलवरील पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता व दिल्ली यांच्यात झाले. २००३ साली येणाऱ्या कॉलचे शुल्क बंद झाले आणि त्यानंतर स्वस्त संच खेड्यांपर्यंत पोहोचू लागले. त्याच साली आलेला नोकिया ११०० हा संच त्या काळातील अनेकांना आठवत असेल.

तांत्रिक भाग थोडा विस्ताराने पाहावा लागेल, कारण मूळ मुद्दा तेथेच आहे. एका संदेशात १४० बाइट एवढीच जागा होती. रोमन अक्षराला सात बिट लागत, म्हणून १६० अक्षरे बसत. देवनागरीसाठी युनिकोडची सोळा बिटांची सांकेतिक पद्धत वापरावी लागे, त्यामुळे तेवढ्याच जागेत केवळ ७० चिन्हे मावत. ही सत्तर चिन्हेही आपण मोजतो तशी अक्षरे नव्हेत. प्रत्येक काना, वेलांटी, मात्रा व हलन्ताचे चिन्ह स्वतंत्र मोजले जाते. 'शुभेच्छा' हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, यंत्राला तो आठ चिन्हांचा आहे. 'विद्यार्थी' हाही तीन अक्षरांचा शब्द दहा चिन्हे खातो. म्हणजे मराठीत जोडाक्षर शुद्ध लिहिण्याचा दंड थेट खिशातून भरावा लागे. त्यात भर म्हणजे ज्याला संदेश पाठवायचा त्याच्या संचात देवनागरीची सोय नसेल, तर त्याला नुसते चौकोन दिसत. सणासुदीच्या ठरावीक दिवशी सवलतीच्या योजना लागू होत नसत आणि दिवाळीच्या शुभेच्छांना पूर्ण दर पडे. अशा स्थितीत जिते स्थानकावर गाडीची वाट पाहणाऱ्या मुलाने रोमन लिपीत, स्वर गाळून, मराठी लिहिली यात आळस कितीसा होता? त्याने हिशेब केला होता.

तारेचा काळ आठवणाऱ्यांना हे नवे वाटणार नाही. भारतात तारसेवा १८५५ साली जनतेसाठी खुली झाली आणि जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तिचे मोल शब्दांवर होते, म्हणून तारेतील वाक्ये क्रियापदाचे सांगाडे होऊन येत. शुभेच्छांसाठी ठरीव वाक्यांचे क्रमांक होते. क्रमांक लिहून दिला की पलीकडे पूर्ण वाक्य पोहोचे. त्या तुटक भाषेमुळे पोरांचे इंग्रजी बिघडेल अशी काळजी आपल्याकडे फारशी करावी लागली नाही, कारण तार लिहिणारा घरातला कर्ता माणूस असे आणि तीही वर्षातून एखाद्या वेळी. मोबाईलने तारेची काटकसर सतरा वर्षांच्या मुलांच्या हाती रोजच्या रोज दिली. फरक असेल तर तो येथे आहे.

राशोल ते रोहा : रोमन लिपीतील मराठी

रोमन लिपीत मराठी लिहिणे हेही नवे नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यातील राशोल येथे रोमन लिपीतच छापले गेले. देवनागरीचे खिळे उपलब्ध नव्हते, हे त्याचे कारण. साधन नाही म्हणून लिपी बदलली, नेमके हेच चारशे वर्षांनी नोकियाच्या बारा बटणांवर घडले.

पण दोहोंत एक मोठा फरक आहे आणि माझ्या मते या सर्व चर्चेचा गाभा त्यात आहे. गोव्यातील रोमन लेखनात मूर्धन्य वर्ण दाखवण्यासाठी अक्षर दुहेरी लिहिण्याची रीत रूढ झाली. लिपी परकी असली तरी 'न' आणि 'ण', 'ल' आणि 'ळ' यांतील भेद लेखनात टिकवण्याची धडपड तीत दिसते. संदेशांच्या रोमन मराठीने असा कोणताही करार केला नाही. इंग्रजी कीपॅडवरील 'एम, ए, एन' या तीन अक्षरांत मन, मण, मान आणि माण हे चारही शब्द बसतात. 'बी, ए, एल' यांत बल, बळ, बाल, बाळ. 'पाणी' आणि 'पानी' यांत तर काहीच फरक उरत नाही. आठवण या शब्दासाठी इंग्रजी आठचा अंक घालून पुढे तीन अक्षरे लिहिण्याची युक्ती आपण सर्वांनी पाहिली आहे. ती चतुर आहे आणि तिने कोणाचे नुकसान झाले असे मला वाटत नाही. अंकामुळे शब्द विसरला जात नाही. नुकसान त्या अंकापुढच्या 'व्ही, ए, एन' मध्ये आहे, कारण तेथे 'ण' दिसेनासा होतो.

आता हे आगरी मुलाच्या बाजूने पाहू. ज्याच्या घरात 'ण' ऐकू येत नाही, त्याला तो केवळ दृष्टीने शिकावा लागतो. वाचून आणि लिहून, पुन्हा पुन्हा डोळ्यांखालून घालून. सदाशिव पेठेतील मुलाने दहा वर्षे रोमन मराठी लिहिली तरी त्याचा कान त्याला सावरून घेईल, कारण शब्द उच्चारून पाहिला की 'ण' सापडतो. पेणजवळच्या वाडीतील मुलाला कान मदत करत नाही. त्याची एकमेव मदत म्हणजे देवनागरीतला सराव, आणि अनौपचारिक लेखनाच्या ज्या सर्वांत उत्साही वयात तो सराव आपोआप झाला असता, त्या वयात त्याचे सगळे लेखन रोमनमध्ये झाले. त्याच्या मोठ्या भावाने मित्राला चिठ्ठी लिहिली असती, मामाला पत्र लिहिले असते, आणि ते देवनागरीत असते. संक्षेपाने त्याचे फारसे बिघडवले नाही. लिपी बदलल्याने त्याच्या सरावाची वर्षे गेली. मोबाईलने सर्वांचे सारखे नुकसान केले नाही. ज्यांना प्रमाणलेखन आधीच दूर होते, त्यांचे अधिक केले.

याच पेण तालुक्यातील गागोदे येथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे यांचा जन्म झाला. भारतातील सर्व भाषांना आपापल्या लिपीबरोबरच नागरी हीही लिपी असावी, असा त्यांचा आग्रह होता आणि त्यांच्याच प्रेरणेने १९७५ साली नागरी लिपी परिषद स्थापन झाली. इतर भाषांनी नागरी स्वीकारावी म्हणून ज्यांनी आयुष्यभर सांगितले, त्यांच्याच तालुक्यातील मुलांनी स्वतःच्या भाषेची नागरी पंधरा-वीस वर्षे बाजूला ठेवली. सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेच्या काळात सुचवलेली 'अ'ची बाराखडी, म्हणजे 'अि, अी, अु, अू' असे लेखन, हीदेखील यंत्राला लिपी जुळवून घेण्याचीच धडपड होती. लिपिसुधारकांची ती पिढी यंत्रासाठी नागरी सोपी करू पाहत होती. मोबाईलच्या वेळी तसा विचार करायला कोणी नव्हते, मुलांनी आपापला मार्ग काढला.

परदेशी निष्कर्षांची मर्यादा

या विषयावर इंग्लंड-अमेरिकेत बरेच संशोधन झाले आहे आणि आपल्याकडील निबंधांत त्याचे दाखले सर्रास दिले जातात. २००७ साली जॉन हम्फ्रिस यांनी वृत्तपत्रातून संदेशभाषेवर जळजळीत टीका केली. पुढच्याच वर्षी डेव्हिड क्रिस्टल यांनी या विषयावरील पुस्तकात ही भीती अवास्तव असल्याचे प्रतिपादन केले. कॉव्हेंट्री विद्यापीठातील बेव्हर्ली प्लेस्टर, क्लेअर वूड व सहकाऱ्यांना दहा-बारा वर्षांच्या मुलांत संक्षेपांचा वापर आणि वाचनक्षमता यांचा अनुकूल संबंध आढळला. उलट २०१२ साली पेन्सिल्व्हेनियातील ड्रू सिंगेल व श्याम सुंदर यांना संदेशभाषेचा वापर आणि व्याकरणाच्या चाचणीतील गुण यांत प्रतिकूल संबंध दिसला.

दोन्ही बाजूंचे दाखले आपल्याला बेताबेतानेच उपयोगी आहेत. इंग्रज मुलगा 'ग्रेट' या शब्दासाठी दोन अक्षरे व आठचा अंक लिहितो, तेव्हा तो त्याच लिपीत, त्याच भाषेच्या ध्वनींशी खेळत असतो. त्या खेळात त्याला ध्वनी व अक्षर यांचे नाते कळत असावे, हे समजण्यासारखे आहे. आपला विद्यार्थी मराठी शब्द परक्या लिपीत लिहितो. त्याचा खेळ त्याच्या लिपीशी नसतोच, त्यामुळे तिकडचा फायदाही इकडे तसाच उचलता येत नाही आणि तोटाही नाही.

उत्तरपत्रिकेकडे परत

आज परिस्थिती पुन्हा पालटली आहे. सप्टेंबर २०१६ नंतर स्वस्त इंटरनेट आले, हातातील संचांत देवनागरी कळफलक आले आणि रोमनमध्ये टंकित केलेल्या शब्दाचे देवनागरी रूप यंत्र स्वतःच सुचवू लागले. चिन्हांचा हिशेब उरला नाही. विद्यार्थी व्हॉट्सअ‍ॅपवर 'शाळा' बरोबर लिहितो, कारण 'ळ' यंत्र पुरवते. तोच विद्यार्थी उत्तरपत्रिकेत 'शाला' लिहितो, कारण तेथे पुरवणारे कोणी नसते. अरुण फडके यांनी 'शुद्धलेखन ठेवा खिशात' या नावाची पुस्तिका लिहिली होती. शुद्धलेखन आता खरोखरच खिशात आहे, परीक्षेच्या दालनात खिसा रिकामा करावा लागतो एवढेच.

मग शिक्षकाने करायचे काय? महामंडळाच्या नियमांतच एक वाट आहे आणि तिच्याकडे आपले दुर्लक्ष होते. 'केलं', 'असं' ही बोलण्यातील रूपे नियमांनी हद्दपार केलेली नाहीत. पात्राच्या तोंडी, संभाषणात ती तशीच लिहावीत आणि एरवी 'केले', 'असे' लिहावे, असे नियम सांगतो. म्हणजे बोलीला जागा आहे, पण ती ठरलेली आहे. संदेश हे संभाषणच आहे. त्यातले 'नाय' आणि 'मंजे' त्या जागी चूक नाहीत. मोडी लिहून पोथीच्या वेळी बाळबोधाकडे वळणाऱ्या कारकुनाला हे कोणी समजावून सांगावे लागत नव्हते. आपल्या विद्यार्थ्याला सांगावे लागते आणि आपण ते सांगत नाही, फक्त वर्तुळ काढतो.

इतिहासाच्या वर्गात मोडीची ओळख करून देताना प्रस्तुत लेखक अलीकडे एक साधी गोष्ट करतो. मुलांना स्वतःचे जुने, रोमन लिपीतले चार संदेश वहीत देवनागरीत उतरवायला सांगतो. नावे गाळून, अर्थातच. पहिल्या पाच मिनिटांत हसाहशी होते आणि मग वाद सुरू होतात. 'म' आणि 'न' असे दिसते, ते मन की मण? वेलांटी पहिली की दुसरी? मोडी कागद वाचताना जे प्रश्न संशोधकाला पडतात, तेच त्यांना स्वतःच्याच लिहिण्याविषयी पडतात आणि तेथून नियमांचे पुस्तक मागण्याची वेळ त्यांच्यावर येते. ते पुस्तक त्यांच्यापुढे आपण ठेवलेले नसते. गेल्या वेळी जित्याहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले, की फलकावर गावाचा 'जि' ह्रस्व का आहे, बोलताना तर तसे काही कळत नाही. मराठी शब्दाचे अंत्य अक्षर दीर्घ असेल तर उपान्त्य इकार-उकार ह्रस्व लिहावा, असा नियम आहे. किडा, विळी, महिना तसेच जिते, असे उत्तर दिले. तिने वहीच्या कडेला आपल्या नात्यागोत्यातल्या गावांची नावे लिहायला घेतली आणि तास संपेपर्यंत ती वही कोणाला दाखवायला तयार नव्हती.